बालकाची वेदना आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य

मनुष्याच्या वाट्यास येणाऱ्या दुःखांत, लहान मुलाच्या दुखण्यापाशी हात जोडून बसून राहणे याहून कठीण दुःख क्वचितच असेल. प्रौढ माणूस आपल्या दुखण्याचे कारण जाणतो, ते किती दिवस टिकेल याचा अदमास बांधतो, आणि कधी कधी ते देवाच्या पायी वाहून मनाने मोकळाही होतो. बालकास यांपैकी काहीच साधत नाही. उद्या बरे वाटेल हे त्याला सांगून पटत नाही, कारण उद्या म्हणजे काय हेच त्याला उमगलेले नसते. त्याच्यापुरती आत्ताची वेदना हेच सारे जग असते.

आमच्या घरी पूजेअर्चेचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यामुळे दवाखान्यात डॉक्टरांपुढे जे विचारावयास आईबापे धजत नाहीत, ते ती देवळात येऊन विचारतात. शहापूर, वडगाव, खासबाग या मागवाल्यांच्या वस्तीतून, कधी निपाणीकडूनही, अशी कुटुंबे येतात. मूल अतिदक्षता विभागात असते. नाकातोंडात नळ्या असतात. डॉक्टरांनी गुंगीचे किंवा मॉर्फिनसारखे औषध देण्याचे ठरविलेले असते. आणि प्रश्न साधारणतः एकाच धर्तीचे असतात. इतक्या लहान जिवाला अफूच्या जातीचे औषध द्यावे काय? जे भोगावयाचे ते भोगून संपू द्यावे, मध्येच आडकाठी केली तर पाप तर लागणार नाही ना? आणि त्या औषधाने मूल झोपले ते झोपलेच, तर त्या झोपेला संमती देणारे आम्ही कोण ठरलो?

आम्ही वैद्य नव्हे, आणि शास्त्रार्थ सांगण्याचा आमचा अधिकारही मोठा नाही. आमचे शिक्षण शाळेपुरते. तथापि प्रश्न देवळात विचारला जातो, त्या अर्थी त्याचा विचार देवळाच्या पत्रिकेत होणे अनुचित नाही, असे समजून हे चार विचार सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एका जुन्या समजुतीचा निकाल लावला पाहिजे. तान्ह्या मुलाला मोठ्यांइतके दुखत नाही, आणि दुखले तरी ते विसरून जाते, ही ती समजूत होय. ही केवळ अडाणी माणसांची समजूत होती असे कोणी मानू नये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पाश्चात्य देशांतील मोठमोठ्या रुग्णालयांतही नवजात बालकांवर कित्येकदा पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. भुलीचे औषध इतक्या लहान देहास झेपणार नाही ही भीती एका बाजूस, आणि त्याचे मज्जातंतू अजून पुरते पक्व झालेले नाहीत हा तर्क दुसऱ्या बाजूस. १९८५ साली अमेरिकेत एका अपुऱ्या दिवसांच्या बालकावर हृदयाजवळच्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्याला केवळ हालचाल थांबविणारे औषध दिलेले होते. वेदना शमविणारे काहीही दिलेले नव्हते. ते बालक पुढे काही आठवड्यांनी दगावले. मागाहून मातेस हे कळले, आणि १९८६ साली तिने ही हकीकत जगापुढे मांडली.

याच सुमारास श्रीनगरात जन्मलेले व इंदूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत आनंद हे इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे या विषयाचा अभ्यास करीत होते. शस्त्रक्रियेहून परतलेली बालके इतकी खचलेली का असतात, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही अपुऱ्या दिवसांच्या बालकांना नेहमीच्या पद्धतीबरोबर फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिले, काहींना दिले नाही, आणि दोहोंच्या रक्तातील फरक तपासला. ज्यांना वेदनाशामक मिळाले त्यांच्या शरीराने आघात सौम्यपणे सोसला आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही त्यांना कमी झाले. १९८७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बालकासही भूल व वेदनाशमन मिळालेच पाहिजे असे जाहीर केले. वेदना शमविणे ही निव्वळ दया नसून तो उपचाराचाच भाग आहे, हे त्या दिवसापासून वैद्यकशास्त्राने मान्य केले म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडील जुन्या वैद्यांना मात्र बालकाच्या वेदनेविषयी शंका नव्हती, ही गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. बालरोगांवरील काश्यपसंहिता हा प्राचीन ग्रंथ नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून खंडित स्वरूपात आपल्यापर्यंत आला. त्यात वेदनाध्याय नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. बोलता न येणाऱ्या मुलाला कोठे दुखते हे कसे ओळखावे, हाच त्याचा विषय. मूल डोके सारखे हलविते व डोळे मिटून घेते, तेव्हा मस्तकशूळ जाणावा. हातांनी कान चाचपते, तेव्हा कर्णशूळ. स्तन दूर सारून रडते आणि पोट ताठ होते, तेव्हा उदरशूळ. अशी लक्षणे तेथे क्रमाने सांगितली आहेत. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली एक पद्धत आज पुष्कळ रुग्णालयांत वापरतात. तीत बालकाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन दहांपैकी वेदना मोजतात. दोहोंमध्ये काळाचे अंतर फार मोठे, परंतु निरीक्षणाची जात एकच. आपल्या सीमाभागात तर याचे महत्त्व अधिकच आहे. आजी मराठीत सांगते, परिचारिका कानडीत विचारते, आणि कागद इंग्रजीत लिहिला जातो. बालकाच्या मुद्रेची भाषा मात्र तिघांनाही सारखीच वाचता येते.

आता दुसरा प्रश्न, प्रारब्धाचा. आमच्या मते याचे उत्तर आपल्या रोजच्या वागण्यातच आहे. मुलास ताप आला तर आपण औषध देतो; हाड मोडले तर बसवून घेतो; तहान लागली तर पाणी देतो. ही तहान प्रारब्धाची आहे, ती भोगून संपू द्यावी, असे कोणतीही आई म्हणत नाही. रोग बरा करण्याचा यत्न प्रारब्धात ढवळाढवळ ठरत नसेल, तर त्याच रोगाची वेदना कमी करण्याचा यत्न तेवढा ढवळाढवळ कसा ठरावा? प्रारब्धाचा सिद्धांत मनुष्याने स्वतःच्या दुःखाकडे पाहताना धीर यावा म्हणून आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून स्वस्थ बसण्यासाठी जो तो वापरतो, तो सिद्धांताचा आधार घेत नाही, आपल्या भीतीचा किंवा आळसाचा घेतो.

यावर कोणी भीष्माचार्यांचा दाखला देतील. शरपंजरी पडलेल्या पितामहांसाठी दुर्योधनाने बाण काढण्यात कुशल असे वैद्य आणले असता, त्यांनी वैद्यांचा सत्कार करून त्यांना परत पाठविले, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु त्या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक अशी की, नाकारणारे भीष्म स्वतः होते. ते वयोवृद्ध होते, ज्ञानी होते, इच्छामरणी होते. वेदना त्यांनी निवडली. भीष्मांच्या वतीने दुसऱ्या कोणी वैद्य परत पाठविले असते, तर त्या कृत्याला कोणी तप म्हटले नसते. दुसरी गोष्ट अशी की, त्याच शय्येवर त्यांनी अर्जुनाकडून मस्तकास आधार घेतला आणि पाणीही मागून घेतले. सारांश, तितिक्षा हा स्वेच्छेचा धर्म आहे. पाच वर्षांच्या मुलाने कोणतेही व्रत घेतलेले नसते. त्याच्या नावावर आपण सहनशीलतेचे पुण्य जमा करू म्हटले, तर ते त्याचेही होत नाही आणि आपलेही होत नाही.

तिसरी गोष्ट अफूची. या नावाने आपल्या समाजात जी भीती आहे ती निराधार नाही, आणि तिचे मूळ आपल्याच इतिहासात आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात असत. दहा-दहा तास मूल निपचित पडून राहावे, ही त्यातली योजना. त्या मातांना दोष देणे सोपे आहे. मूल सांभाळावयास कोणी नाही आणि खाडा केला तर चूल बंद, अशी त्यांची स्थिती होती. १९३१ सालच्या मजुरांविषयीच्या रॉयल कमिशनच्या अहवालातही या चालीची दखल घेऊन ती बंद व्हावी असे म्हटले आहे. या चालीतील अनर्थ कोणता, हे मात्र नीट ओळखले पाहिजे. तेथे मुलास वेदना नव्हती. गरज मोठ्यांची होती आणि औषध मुलाच्या पोटात जात होते. यास्तव गुंगीच्या प्रत्येक औषधापुढे विचारावयाचा पहिला प्रश्न आमच्या मते हाच की, ही झोप कोणासाठी?

हा प्रश्न आजच्या रुग्णालयातही शिळा झालेला नाही. गुंगी आणि वेदनाशमन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मिडाझोलामसारखे औषध मुलास झोपविते, त्याची भीती घालविते, परंतु दुखणे थांबविण्याचा गुण त्याच्या अंगी नाही. केवळ स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने तर मूल निश्चल होईल आणि आतून सारे सोशीत राहील. १९८५ च्या त्या बालकाचे तेच झाले. म्हणून निश्चल मूल म्हणजे सुखी मूल असे समजणे धोक्याचे आहे. यंत्राने श्वास देताना, जखम धुताना, मोठे दुखणे असताना आधी वेदना शमवावी आणि मग लागेल तितकीच गुंगी द्यावी, हा आजच्या जाणत्या वैद्यांचा क्रम आहे. नातेवाइकांना रडणे ऐकवत नाही किंवा रात्रपाळीस माणसे अपुरी आहेत, एवढ्यासाठी गुंगी वाढविणे म्हणजे बाळगोळीचीच नवी आवृत्ती होय.

उलटपक्षी, बाळगोळीच्या भीतीने खऱ्या वेदनेतील मुलास मॉर्फिन नाकारणे हीही चूकच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली मुलांच्या दीर्घ वेदनेसाठी दोनच पायऱ्या सांगितल्या: सौम्य वेदनेस पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, आणि मध्यम वा तीव्र वेदनेस मॉर्फिनसारखे औषध. ते वजनाच्या प्रमाणात, शक्यतो तोंडाने आणि ठराविक वेळांनी द्यावे. मूल कळवळेपर्यंत वाट पाहू नये. शरीराला औषधाची सवय होणे आणि व्यसन लागणे यांत अंतर आहे. बरे होत आलेल्या मुलाचे औषध हळूहळू उतरवीत नेले म्हणजे ते सुखरूप सुटते. बद्धकोष्ठासारखे उपद्रव होतात, त्यांवर उपाय असतात. मात्रा अधिक झाली तर श्वास मंदावतो, म्हणूनच हे औषध जाणत्याच्या देखरेखीखाली द्यावयाचे. घरी आपल्या मनाने मात्रा वाढविणे किंवा एकदम बंद करणे, दोन्ही घातक.

आता सर्वांत जड प्रश्नाकडे वळू. मूल बरे होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, वेदना कशानेही आटोक्यात येत नाही, आणि गाढ गुंगी देण्याचा विचार चालला आहे. येथे पुष्कळांना वाटते की आपण मृत्यूला संमती देत आहोत. या ठिकाणी हेतू आणि प्रमाण या दोन खुणा धरून चालावे. दुखणे थांबावे या हेतूने, दुखणे थांबेल इतक्याच मात्रेत, पाहून पाहून दिलेले औषध हे उपचार होय. जीव जावा या हेतूने दिलेले औषध हे दुसरेच कृत्य होय, मग त्याला नाव दयेचे का असेना. हा विवेक एकट्या आपल्या परंपरेचा नाही. १९५७ साली भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नास उत्तर देताना कॅथलिकांचे धर्मगुरू बारावे पायस यांनीही सांगितले होते की, दुसरा उपाय नसेल तर असह्य वेदना शमविण्यासाठी औषध देता येईल, त्याने आयुष्य काहीसे उणे होण्याचा संभव असला तरी, मात्र हेतू मृत्यूचा नसावा.

याच भेदावर आपल्या मुंबईत एक महत्त्वाची घटना घडली. २०१४ च्या फेब्रुवारीत मुलांच्या उपशामक सेवेसंबंधी जागतिक परिषद मुंबईस भरली होती. त्याच आठवड्यात बेल्जियमच्या संसदेने मुलांच्या दयामरणास वयाची मर्यादा न ठेवता अनुमती देणारा कायदा संमत केला. मुंबईत जमलेल्या मंडळींनी जाहीरनामा काढून सांगितले की, दयामरण हा उपशामक सेवेचा भाग नाही आणि तिला पर्यायही नाही. सर्व सरकारांनी मुलांना वेदनाशमन मिळेल अशी व्यवस्था करावी आणि बेल्जियमने आपल्या निर्णयाचा फेरविचार करावा. आपल्या देशात २०११ च्या अरुणा शानबाग खटल्यात आणि पुन्हा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने काही अटींवर कृत्रिम उपाय थांबविण्यास वाट दिली, परंतु औषध टोचून जीव घेण्यास दिलेली नाही.

तथापि मुंबईच्या जाहीरनाम्यात एक टोचणीही आहे, ती आपण विसरू नये. ज्या मुलाच्या वेदनेवर उपाय ठाऊक असूनही तो केला जात नाही, त्याच्या आईबापांना दयामरण वाईट असे सांगण्याचा समाजाला काय अधिकार? आपल्या देशात नीमच-मंदसोर भागात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कडक परवान्यांमुळे रुग्णालयांतील मॉर्फिनचा वापर पुढील वर्षांत फार घसरला. चोराला अडविण्यासाठी लावलेले कुलूप रोग्याच्याच दारावर बसले. डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी अनेक वर्षे खटपट केली, तेव्हा २०१४ साली, त्याच फेब्रुवारीत, संसदेने कायद्यात दुरुस्ती करून आवश्यक औषधांसाठी देशभर एकसारखी, सोपी पद्धत आणली. मुंबईत वांद्र्यास १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केले, तो भारतातला असा पहिला आश्रम. पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. मुलांसाठी २०१० च्या सुमारास महाराष्ट्रात काम सुरू झाले, ते जव्हारसारख्या आदिवासी भागातही पोहोचले.

आमच्या भागातील रोगी पूर्वी मिरजेची वाट धरीत. डॉ. वॉनलेस यांनी तेथे १८९४ साली रुग्णालय उभारले. १९६३ पासून बेळगावातच वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत येथे कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन राष्ट्रपतींच्या हस्ते झाले. उपाय आता दाराशी आहेत. विचारण्याचे धैर्य तेवढे हवे. म्हणून आईबापांनी भीड न बाळगता डॉक्टरांना विचारावे: मुलास दुखते आहे की नाही हे आपण कसे मोजता? हे औषध झोपेचे की वेदनेचे? सुई टोचण्यापूर्वी, मलमपट्टीपूर्वी काही देता येईल काय? मात्रा कधी कमी कराल? असे विचारणे हा डॉक्टरांचा अपमान नव्हे. आणि जे औषधाच्या बाटलीत नाही तेही आपण द्यावे. तान्ह्यास टोचताना आईने अंगावर पाजणे, उघड्या छातीशी धरणे, डॉक्टरांच्या अनुमतीने साखरपाण्याचे थेंब जिभेवर देणे, यांनी त्याचा त्रास कमी दिसतो हे आता सिद्ध झाले आहे. वर्षाखालील मुलास मध मात्र देऊ नये.

एक प्रश्न तरीही उरतो, आणि तो आम्ही सुटला असे भासविणार नाही. औषध वाढविले तर मूल ओळख देणार नाही. कमी केले तर ओळख देईल, पण कळवळेल. अखेरच्या दिवसांत आईला मुलाच्या तोंडून एक हाक ऐकावयाची असते, आणि ती इच्छा तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणाला नाही. काही वेळ मूल जागे राहील आणि दुखणारही नाही अशी मात्रा बसविता येते काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे; पुष्कळदा ते साधते. जेथे साधत नाही, तेथे आमच्या अल्पमतीस असे वाटते की पारडे मुलाच्या बाजूने झुकावे. हाकेची भूक आपली आहे, कळ त्याची आहे. आपली भूक आपण सोसू शकतो, कारण आपण मोठे आहोत. मोठेपणाचा अर्थच तो.

ज्या आईबापांनी अशा वेळी संमती दिली आणि जी आजही रात्री उठून बसतात, त्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, तुम्ही मुलाला मृत्यूच्या हाती दिले नाही. मृत्यू आपल्या वाटेने आला. तुम्ही त्याच्या वाटेतले काटे वेचले. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आमची विनंती आहे की, अशा घरी गेल्यावर "औषधानेच गेला का हो?" असे विचारू नये. तेथे जाऊन मागाजवळ थोडा वेळ मुकाट बसावे, दोन घागरी पाणी भरून द्यावे, आणि परत यावे.